हेम्पचं बियाणं घेण्याआधी : आमच्या घरातला अनुभव



जुनी द्राक्षबाग काढली त्या दोन एकरात यंदा जूनमध्ये ताग टाकला. जमिनीला जरा विसावा मिळावा आणि हिरवळीचं खत व्हावं, एवढंच मनात होतं. बियाण्याच्या पिशवीवर इंग्रजीत तागाचं नाव छापलेलं होतं, 'सनहेम्प'. पिशव्या उतरवताना पुतण्याने ते वाचलं आणि रात्री मोबाईलवर 'हेम्प' शोधत बसला. सकाळी चहाला आला तो फोन पुढे करतच. "काका, आपण खत म्हणून गाडतो ते लोक लाखात विकतात."

पुढची सगळी गोष्ट त्याला विचारूनच लिहितोय. तो म्हणाला, लिहा, दुसरं कोणी तरी वाचेल. आमचे एकवीस हजार गेले. त्याहून मोठं काही जाता जाता राहिलं.

आधी नावांचा घोळ सोडवतो, कारण सुरुवात तिथूनच झाली. ताग म्हणजे आपला बोरू. शेंगवर्गातलं पीक, मुळावर गाठी धरतं, नत्र देतं. अंबाडीला इंग्रजीत 'डेक्कन हेम्प' म्हणतात. ती भेंडी-कपाशीच्या कुळातली. तिच्या पानाला भांगेच्या पानासारखी बोटं फुटतात, म्हणून शास्त्रीय नावातही 'कॅनॅबिनस' आलंय. तिसरं ते खरं हेम्प, म्हणजे कॅनॅबिस. भांग, गांजा, चरस सगळं त्याच झाडाचं. तिन्हीच्या खोडातून वाख निघतो, म्हणून इंग्रजांनी तिघांना एकच आडनाव लावून टाकलं. ताग पेरायला कोणाला विचारायला लागत नाही. तिसऱ्याचं तसं नाही.

पुतण्याने कुठल्याशा नंबरवर माहिती भरली आणि दोन दिवसांत एक गृहस्थ घरी आले. फाईल चांगली, बोलणं गोड. म्हणाले, बियाणं आमचं, खरेदी आमची, करार स्टॅम्पपेपरवर. उत्तराखंडात चालू आहे, सरकारने दारं उघडलीत. आमच्या बियाण्यात नशेचा अंश शून्य पूर्णांक तीन टक्क्यांच्या आत, त्यामुळे कायद्याने तो गांजा होतच नाही. बियाणं बुक करायला एकवीस हजार. पुतण्याने त्याच संध्याकाळी पाठवले.

खरं सांगतो, मलाही मोह झाला होता. अवकाळीने दोन हंगाम धुतले, बाग काढायची वेळ आली ती त्यामुळेच. कर्जाचा हप्ता डोक्यावर होता. मी मनात हिशोबही मांडला की ताग गाडला की ऑक्टोबरात तिथंच हे लावू. मी पुतण्याला अडवलं नाही, हे इथं कबूल करतो.

मला थांबवलं ते त्या कराराच्या चौथ्या पानावरच्या एका ओळीने. 'मालाची उचल प्रयोगशाळेच्या अहवालाच्या अधीन राहील.' द्राक्षवाल्याला ही ओळ दिसली की पोटात गोळा येतो.

जुन्या लोकांना २०१० चं साल आठवत असेल. युरोपात आपल्या द्राक्षाचे कंटेनर अडकले, क्लोरमेक्वाट क्लोराईड म्हणजे आपलं सीसीसी सापडलं म्हणून. ते आपण खरड छाटणीनंतर घडनिर्मितीसाठी वापरायचो. कोणी चोरून मारत नव्हतं, सल्ला घेऊन मारत होतो. माझ्या प्लॉटचं सॅम्पल काढणीआधी नेलं होतं, रिपोर्ट पास आला होता. पास आला, कारण त्या वेळी तपासायच्या औषधांच्या यादीत सीसीसी नव्हतंच. तिकडे त्यांनी तपासलं. माझा माल परदेशात पोचला, पास झालेला कागद माझ्या हातात, आणि पैसे अर्धे पण आले नाहीत. भांडायला कुठं जाणार? निर्यातदार म्हणाला, माझंही बुडालं. ते खरंही होतं.

तेव्हा शिकलो ते असं, की रिपोर्टवर विकला जाणारा माल लावायचा तर आधी तीन गोष्टी विचारायच्या. काय तपासणार, कधी तपासणार, आणि नापास झालं तर कोणाचं गेलं. हेच तीन प्रश्न घेऊन मी हेम्पच्या मागे लागलो. तालुक्याला ओळखीचे वकील आहेत, त्यांच्याकडून कायदा वाचून घेतला. आमच्या भागातले एक कृषी शास्त्रज्ञ आहेत, त्यांच्याकडून झाड समजून घेतलं.

पहिलं कायद्याचं. १९८५ चा एनडीपीएस कायदा. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलाचे-फळाचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसती पानं आणि बी त्यात धरत नाहीत. म्हणून भांग वेगळी राहिली आणि ती राज्याराज्याच्या नियमावर चालते. इथपर्यंत लोकांना माहीत असतं. पुढचं माहीत नसतं. कायद्यात 'कॅनॅबिसचं झाड' याची व्याख्या आहे त्या कुळातलं कुठलंही झाड. त्या व्याख्येत शून्य पूर्णांक तीन टक्के हा आकडा नाही. म्हणजे नशेचा अंश कमी असलेलं असो की जास्त असलेलं, परवान्याशिवाय लावलं तर कलम २० खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड.

मग उत्तराखंडात कसं चालतं? तर कलम १० मध्ये लागवडीला परवानगी द्यायचा आणि नियम करायचा अधिकार राज्य सरकारला दिलाय. आणि कलम १४ मध्ये म्हटलंय की फक्त वाख किंवा बी मिळवण्याच्या औद्योगिक कामासाठी, किंवा बागायती कामासाठी, सरकार आदेश काढून, अटी घालून लागवड करू देऊ शकतं. उत्तराखंडाने तो रस्ता धरला आणि २०१८ मध्ये परवाना दिला. टीएचसी शून्य पूर्णांक तीन टक्क्यांच्या आत ही अट त्यांनी घातली. हिमाचलने जानेवारी २०२५ मध्ये पालमपूर आणि नौणी इथल्या विद्यापीठांना आधी प्रायोगिक अभ्यास करायला सांगितलं. म्हणजे 'केंद्राने परवानगी दिली' हे वाक्यच अर्धवट. तिथला परवाना त्या राज्यापुरता, त्या नावापुरता आणि त्या गटापुरता. आपल्या सातबाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही.

वकिलांनी अजून एक कलम दाखवलं, ४६. आपल्या जमिनीत कोणी बेकायदा कॅनॅबिस लावलंय हे माहीत असून आपण कळवलं नाही, तर जमीनधारक म्हणून आपणही दोषी. कलम ४७ मध्ये तीच जबाबदारी सरपंच, पंच आणि गावच्या कामगारांवर टाकली आहे. ज्यांची जमीन वाट्याने किंवा खंडाने दिलेली आहे त्यांनी हे नीट वाचा. कपाशीत नाहीतर तुरीत मधल्या दोन ओळी कशाच्या आहेत, हे बघायला महिन्यातून एक चक्कर मारा.

आपल्याकडे हे नियमांचं पीक नवीन आहे असंही नाही. इंग्रजांच्या काळात नगर जिल्ह्यात परवान्यावर गांजा पिकत होता आणि त्यावर सरकारचा कर होता. १८९३-९४ मध्ये त्यावर मोठा आयोग बसला होता. तेव्हाही झाड शेतकऱ्याचं आणि कागद सरकारचा असंच होतं.

आता झाडाचं. नशा आणणारा घटक टीएचसी. तो झाडात असतो तो जास्त करून आम्लाच्या रूपात, टीएचसीए. उष्णता लागली की त्यातला कार्बन डायऑक्साईड निघून जातो आणि टीएचसी राहतं. निघून गेलेल्याचं वजन धरायचं नाही म्हणून प्रयोगशाळा टीएचसीएला ०.८७७ ने गुणतात आणि मग बेरीज करतात. आपल्या भाषेत, चाळीतल्या कांद्याची तूट धरून वजन काढायचं तसं. समजा रिपोर्टमध्ये टीएचसी ०.०५ आणि टीएचसीए ०.३० आलं. वरवर बघितलं तर दोन्ही आकडे ठीक वाटतात. पण ०.३० गुणिले ०.८७७ म्हणजे ०.२६३, त्यात ०.०५ मिळवा, झाले ०.३१३. पीक नापास. ०.०१३ टक्क्याने.

हा ०.३ कुठून आला, हेही शास्त्रज्ञांना विचारलं. कॅनडातले वनस्पतीशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्मॉल आणि अमेरिकेतले क्रॉनक्विस्ट यांनी १९७६ मध्ये झाडांचं वर्गीकरण करताना ही रेघ ओढली. कुठंतरी ओढायची म्हणून ओढलेली रेघ. ०.२९ ने माणूस शुद्धीवर राहतो आणि ०.३१ ने झिंगतो असं काही नाही. पण कायद्याने ती उचलली आणि आज ती जगभर शेतकऱ्याच्या मानेवर बसली आहे.

आणि आकडा काही स्थिर राहत नाही. फुलोरा पिकत जातो तसा तो चढतो. ज्यांना औषधी तेलासाठी सीबीडी हवं असतं ते जास्त दिवस थांबतात, पण सीबीडीबरोबर टीएचसीही चढतं. दोन्ही एकाच दोरीला बांधलेले. द्राक्षात गोडी चढायची वाट बघता बघता पाऊस गाठतो, तसं इथं प्रयोगशाळा गाठते. वाखासाठी दाट पेरून फुलोऱ्याच्या सुरुवातीलाच कापलं तर धोका कमी. बियासाठी ठेवलं की परत वाढतो.

बियाण्याचीही गोची आहे. हेम्प हे दिवस लहान झाला की फुलावर येणारं झाड. युरोप-कॅनडाची जात तिकडच्या लांब दिवसांसाठी काढलेली. आपल्याकडे जूनमध्येसुद्धा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास. इथं ती गुडघ्याएवढी होऊन फुलावर येते, मग वाख कसला निघतो. पहाडात उलटं. तिथलं गावरान झाड उंच आणि काटक, कुमाऊंमध्ये त्याच्या बियांची चटणी घरोघर खातात, वाखाचे दोर वळतात. पण ते गावरान बहुतेक ०.३ मध्ये बसत नाही. शिवाय परागकण वाऱ्याने लांब जातात. तुम्ही चांगलं बियाणं आणलं तरी घरचं बी धरलं की पुढच्या साली आकडा तोच राहील याची खात्री नाही. म्हणून आपल्याच विद्यापीठांनी आपल्या अक्षांशाला जमेल अशी जात काढल्याशिवाय 'हेम्पची क्रांती' वगैरे बोलण्यात अर्थ नाही.

तपासणी कशी असावी यासाठी अमेरिकेचं बघण्यासारखं आहे, कारण तिथं ठेच लागून नियम बदललेत. २०१८ च्या त्यांच्या शेती कायद्याने हेम्प मोकळं झालं, ०.३ टक्क्यांची अट तीच. आधी नियम होता की सॅम्पल घेतल्यापासून १५ दिवसांत काढणी करायची. शेतकरी ओरडले की मजूर नाही, पाऊस आहे, प्रयोगशाळेपुढे रांग आहे. मार्च २०२१ पासून लागू झालेल्या नियमात ते ३० दिवस केले. सॅम्पल कुठलं घ्यायचं तेही लिहिलं, झाडाच्या शेंड्याकडचं पाच ते आठ इंच. सगळ्यात जास्त अंश शेंड्यात असतो. त्याऐवजी अख्खं झाड दळून तपासलं तर आकडा उतरेल. एकच शेत, एकच दिवस, पण सॅम्पल कुठून घेतलं त्यावर पास-नापास.

त्या नियमातल्या दोन गोष्टी मला पटल्या. एक, प्रयोगशाळेने आपली चूक किती होऊ शकते तेही रिपोर्टवर लिहायचं. वर सांगितलेलं ०.३१३ येऊन त्यापुढे अधिक-उणे ०.०३ असेल, तर आकडा ०.२८ ते ०.३४ मध्ये कुठंही असू शकतो. ०.३ त्यात बसतंय, म्हणजे पीक पास धरायचं. दोन, पीक थोडं चढलं म्हणून शेतकरी गुन्हेगार धरायचा नाही. काळजी घेऊन लावलं असेल आणि आकडा एक टक्क्याच्या वर नसेल तर निष्काळजीपणाही धरत नाहीत. नापास पीक नष्ट करायचं, नाहीतर फुलं काढून टाकायची किंवा सगळं बारीक करून मिसळायचं आणि परत तपासायचं. खोड-वाख तरी वाचतो. पण नुकसानभरपाईचा विषय मात्र तिथंही शेतकऱ्याच्याच अंगावर.

शेताबाहेर गेल्यावर पुन्हा तपासणी आहेच. आपल्याकडे एफएसएसएआयने २०२१ मध्ये हेम्पचं बी, तेल आणि पीठ खाद्य म्हणून मान्य केलं. बियात टीएचसी किलोला पाच मिलीग्रॅमपर्यंत आणि तेलात दहापर्यंत. मुळात बियाच्या आत हा अंश नसल्यासारखाच. तो येतो बियाला चिकटलेल्या फुलाच्या चिकातून. म्हणजे मळणी, चाळणी आणि साफसफाई नीट नसेल तर शेतात पास झालेला माल घाण्यावर नापास. खरेदीदाराने तिथं नापास केला तर परत कोणाकडे येणार, तुम्हीच ओळखा.

एवढं समजल्यावर त्या गृहस्थांना फोन केला. पुतण्या शेजारी बसला होता, फोन स्पीकरवर. मी विचारलं, साहेब, आमच्या गटाच्या नावाने लागवडीचा परवाना कोण देणार? म्हणाले, "तुम्ही लावा तर आधी, लायसनचं आपण नंतर करून घेऊ." विचारलं, सॅम्पल कोण घेणार, एक भाग सील करून माझ्याकडे ठेवणार का? म्हणाले, आमचा माणूस घेईल. विचारलं, नापास झालं तर? म्हणाले, "काका, नकारात्मक विचार करू नका." विचारलं, आणि पोलीस आले तर? फोन कट झाला. तेव्हापासून बंद आहे.

पुतण्या दोन दिवस जेवला नाही धड. मी त्याला काही बोललो नाही, कारण मीही ऑक्टोबरचा हिशोब मांडला होता. एकवीस हजारांची तक्रार दिली आहे. बघू.

आता माझं मत. मी हेम्पच्या विरोधात नाही. वाखाला मागणी आहे, बी पौष्टिक आहे, कोरडवाहूला एखादं नवीन पीक मिळालं तर कोणाला नको? उद्या आपलं सरकार नियम करायला बसेल तर शेतकऱ्याच्या बाजूने एवढं मागायला हवं.

बियाणं विद्यापीठाचं किंवा प्रमाणित, आणि बियाण्यामुळे आकडा चढला तर जबाबदारी बियाणं देणाऱ्याची. सॅम्पल शेतकऱ्यासमोर, झाडाच्या कुठल्या भागाचं ते लिहून, एक सीलबंद भाग शेतकऱ्याकडे. रिपोर्ट किती दिवसांत ते ठरलेलं, आणि त्यापुढे उशीर झाला तर वाढलेला आकडा शेतकऱ्याच्या खात्यावर नको. दुसऱ्या प्रयोगशाळेत फेरतपासणीचा हक्क. रिपोर्टवर अधिक-उणे. थोडक्यात हुकलेलं पीक वाखासाठी वाचवायची सोय. आणि जे नष्ट करावं लागेल त्याला विमा, निदान बियाणं आणि मशागतीपुरता तरी. गुन्हा फक्त त्याच्यावर, ज्याने मुद्दाम केलं.

हे लिहून येत नाही तोवर हेम्प हे पेरायचं पीक नव्हे, असं माझं साधं मत. ज्या पिकात जोखमीचा सगळा भार पेरणाऱ्यावर आणि आकड्याचा सगळा अधिकार दुसऱ्याकडे, ते पीक २०१० मध्ये मी एकदा घेऊन बसलोय.

कोणी बियाणं घेऊन आलं तर आधी एकच मागा, तुमच्या नावाचा, तुमच्या गट नंबरचा सरकारी परवाना. तो हातात असल्याशिवाय एक दाणा घरात घेऊ नका. 'नंतर होईल' म्हणाला की चहा पाजा आणि रस्त्याला लावा.

तागाला पंचेचाळीस दिवस झाले, पिवळी फुलं दिसायला लागली होती. परवा पुतण्यानेच रोटर घातला. वाफसा चांगला होता, ताग चांगला मिसळला. आठ-दहा दिवसांनी बघू कुजतोय कसा, मग तिथं काय घ्यायचं ते दोघं बसून ठरवू. कायद्याचं काही चुकीचं लिहिलं गेलं असेल तर जाणकारांनी जरूर सांगा, दुरुस्त करतो.